खाडीच्या बांधातला प्रबंध

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या आईने मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं. त्यामुळे आम्हाला फसवलं असं पुढे रोह्याच्या घरात कुणालाच म्हणता आलं नाही. पोरगी हुशार आहे, तापट आहे आणि सिमेंटचं काहीतरी शिकते, असं आईने सांगितलं होतं. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी हसून घेतल्या. तिसरीचा अर्थ त्यांना लग्नानंतर कळला.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी काँक्रीटवर पीएच.डी. करत होते. खाडीच्या खाऱ्या पाण्यात काँक्रीट हळूहळू खराब होतं. सिमेंट थोडं कमी करून त्यात भाताच्या तुसाची राख घातली तर ते जास्त टिकतं का, एवढंच मला बघायचं होतं. माहेर पेणचं. तिथे भाताच्या गिरण्या, गिरणीमागे तुसाचे ढीग, आणि हाकेच्या अंतरावर धरमतरची खाडी. कच्चा माल आणि शत्रू एकाच जागी मिळत असताना विषय शोधायला लांब कशाला जायचं? पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावातल्या एका वहिनींनी तर सरळ विचारलं, "म्हणजे गवंडीकाम का हो?" मी म्हटलं, "हो. तुमच्याकडे काही डागडुजी असली तर सांगा."

माझे मार्गदर्शक मुंबईच्या कॉलेजात होते. मी त्यांना सर म्हणायची. बाकीचे माघारी काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांनी उभा जन्म काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली फोडण्यात घालवला होता आणि माणसांशीही ते साधारण तसेच वागायचे. ते त्या वर्षी डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. विभागात दुसऱ्या कुणालाही राखेत रस नव्हता. "बाई," सर म्हणाले, "मी खुर्चीत आहे तोवर तुमचा प्रबंध आत गेला तर गेला. जानेवारीत तुम्हाला इथे कुणी चहासुद्धा विचारणार नाही." इकडे घरीही बोलणं झालं होतं. या डिसेंबरात संपलं तर संपलं, नाहीतर मी हा नाद सोडणार.

तूस जाळणं दिसतं तितकं सोपं नाही. आच जास्त झाली तर राख कामाची राहत नाही, कमी झाली तर काळी कुळकुळीत निघते. रोह्याच्या घरामागे मी पत्र्याच्या पिंपाला भोकं पाडून भट्टी केली होती. तूस पेटत नाही, नुसता धुमसतो. पहिल्या दिवशी शेजारचे काका पाण्याची बादली घेऊन धावत आले आणि मी नको नको म्हणेपर्यंत ती पिंपात ओतून मोकळे झाले. मी त्यांना जे बोलले त्यानंतर ते वर्षभर आमच्याकडे गणपतीलासुद्धा आले नाहीत. सासूबाईंचे पापड त्याच अंगणात वाळत होते. संध्याकाळी एक पापड नाकाशी नेऊन त्या म्हणाल्या, "चला, या वर्षी भाजायचं काम वाचलं."

सासूबाई वाईट नव्हत्या. फक्त राख ही चीज पैदा करायला सरकारी कॉलेज लागतं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मी ती राख दळून, चाळून, पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवली आणि दोन दिवस पेणला गेले. परत येते तो देवघरातली समई, ताम्हण, पळी-पंचपात्र सगळं लखलखत होतं आणि डबा अर्धा.

"अहो आई, माझी राख!"

"राखच ना गो ती? पण चांगली आहे हो तुझी. चिंचसुद्धा लागली नाही."

त्यांनी माझ्या संशोधनाबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला तेव्हा मी पिंपापाशी पुन्हा तूस जाळत बसले होते. त्याने आमच्या दोघींचे चेहरे पाहिले आणि न जेवता झोपायला गेला.

ठोकळे ओतले पेणला, आईच्या अंगणात. वीतभराला जरा कमी असा चौकोनी ठोकळा, वजनाला आठेक किलो. निम्मे साधे, म्हणजे गावाकडे जसं वाळू-सिमेंट कालवतात तसे. त्यांच्यावर 'सा' लिहिलं. निम्मे राखेचे; त्यांच्यावर 'रा'. हे सगळे खाडीत ठेवायचे, भरती-ओहोटीत भिजू-सुकू द्यायचे, आणि मुदत संपली की काढून मशीनमध्ये घालून कोण किती दम धरतो ते बघायचं. साधे खराब होतील आणि राखेचे टिकतील अशी माझी आशा होती.

ठेवायला जागा मिळाली धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावात, मातीच्या बांधाबाहेर. तिथे बांध म्हणजे सगळं काही. बांधाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला भात. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात गवतसुद्धा धड उगवत नाही. बांधाला लागून ज्यांचं घर, त्या मावशींना मी ठोकळ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. मावशी एके काळी मिठागरावर राबलेल्या, आता खारातलं, म्हणजे बांधाआडच्या खारवट जमिनीतलं भात करायच्या. आवाज असा की पलीकडच्या काठावरची माणसं ओ द्यायची. बांबूच्या कुंपणात ठोकळे मांडून झाले तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"खातात काय ह्ये?"

"कोण?"

"तुजे ठोकळे. राखन करायची तर काय घालायचं त्येंना?"

"काही घालायचं नाही. नुसतं बघायचं."

"बघून काय व्हतंय?" त्या म्हणाल्या. पण त्यांनी बघितलं. मी दर महिन्याला रोह्याहून एस.टी.ने निडी, नागोठणे करत पेणला जायची आणि तिथून टेंपोने खाडीवर. मावशी दर वेळी सांगायच्या, "हायत तितंच हायत. कुटं जातायत?"

गणपती झाले आणि भाद्रपदाच्या अमावास्येला मोठं उधाण आलं. त्यानंतर मी गेले तर कुंपणही नाही आणि ठोकळेही नाहीत. मावशी अंगणात बसून सुका जवळा निवडत होत्या. मान वर केली नाही.

"मावशी, ठोकळे?"

"व्हावून गेले."

"आठ-आठ किलोचे ठोकळे वाहून गेले?"

"उधान काय ल्हान व्हतं का गो? माजी कोंबडी पन गेली."

"कोंबडी तरंगते, मावशी!"

"तुजे पन तरंगले असतील. राख घातलीस ना? हलके झाले."

मी तशीच वळले आणि बांधावरून चालायला लागले. थोड्या अंतरावर मातीचा रंग बदलला. ताजी, काळी, हाताने थापलेली माती, आत पेंढा, मोडक्या खाटेचा पाय, कुणाच्या तरी दाराची फळी. आणि त्या सगळ्याच्या मधून, चिखलातून, माझं 'रा' माझ्याकडे बघत होतं. मी असं काही ओरडले की खाडीतले बगळे उठले.

मग माणसं जमली आणि खरं काय ते कळलं. उधाणाने बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून पाणी आत यायला लागलं. अशा वेळी गावची रीत ठरलेली. घरटी एक माणूस धावत सुटतं आणि हाताला येईल ते खांडीत टाकतं. कुणाचं काय, हे नंतर. कुणी खाट टाकली, कुणी दार. मावशींच्या हाताला आधी माझे ठोकळे आले. एकावर एक नीट बसणारे, जड, चौकोनी. तसली वस्तू त्या खांडीच्या नशिबी पुन्हा कधी यायची नव्हती.

"मग वाहून गेले असं का सांगितलंत?"

"तू रागाची हायस म्हनून."

"काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

"आनि पानी?" मावशींनी दुसऱ्या अंगाला हात केला. पोटरीतलं, लोंबी अजून बाहेर न पडलेलं भात वाऱ्याने हलत होतं. "भात काय तुज्या मशीनमंदी घालू?"

"मी पोलीस आणते."

"आन. त्येंना पन घमेली देऊ. माती कमीच पडतेय."

सगळे हसले. मला हसायला आलं नाही. मी बांधावर मटकन बसले आणि चारचौघांत भोकाड पसरलं. राग आला की मी बोलते. रडले ती तेव्हाच. डिसेंबर, सर, घरी दिलेला शब्द, सगळं त्या चिखलाखाली गेलं होतं आणि वरून लोक हसत होते. मावशी घरात जाऊन कोरा चहा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. "कापनी झाली का काडून देऊ. सगळे. कोंबडीची शपत."

"कुठल्या कोंबडीची? गेली ना ती?"

"दुसरी हाय," त्या म्हणाल्या.

पेणच्या स्टँडजवळच्या बूथवरून मी सरांना फोन केला. ठोकळे बांधात गेले म्हणून सांगितलं.

"म्हणजे, वापरले?"

"हो, सर."

"बाई, या नोकरीत मी किती ठोकळे केले त्याला सुमार नाही. त्यांचा कुणाला काही उपयोग झाल्याचं आज प्रथम ऐकतोय." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "खाऱ्या चिखलातच आहेत ना? मग मुदत चालूच आहे. तसं लिहू. पण डिसेंबर, बाई. डिसेंबर."

त्या वर्षी भाताच्या लोंब्यांकडे माझ्याइतकं टक लावून बघणारं रायगड जिल्ह्यात दुसरं कुणी नसेल. आठवड्याला खाडीवर फेरी. भात पिवळं पडायला लागलं की मला वाटायचं, झालं आता. मग परतीचा पाऊस यायचा आणि मावशी सांगायच्या, "जरा सुकू दे." मग दिवाळी आली. कापणी झाली, तर झोडणी राहिली. नवऱ्याने एकदा सहज विचारलं, "प्रबंध कुठवर आला?" मी म्हटलं, "खळ्यावर."

अखेर एका एस.टी. ड्रायव्हरबरोबर निरोप आला: रविवारी या. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. बघू दे कुणी गिळलेत आपले ठोकळे. 'आपले' म्हणाल्या.

गावात शिरतो तर मावशींच्या ओटीवर अख्खा गाव. सगळ्यांचे कपडे धुतलेले, चेहऱ्यावर बारशाचा आनंद. ओटीवर सतरंजी, सतरंजीवर रांगेने ठोकळे. आणि काय ते ठोकळे! पांढरेशुभ्र. ऑइलपेंट. एकही कोपरा उडालेला नाही, एकाही कडेला टवका नाही. जिथे जिथे काही गेलं होतं तिथे सिमेंट भरून, घोटून गुळगुळीत केलेलं. मधोमध सोनेरी रंगात 'रा' आणि 'सा', खाली तांबड्याची सावली, कडेने बारीक वेलबुट्टी. गावातला एक जण पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. गणपती होऊन गेल्यामुळे हात रिकामे होते आणि रंगही उरले होते. तो भिंतीला टेकून उभा होता, कौतुकाची वाट बघत.

मी सतरंजीच्या कडेला बसकण मारली. मावशींना वाटलं आनंदाने.

त्या तिकडची रीत सांगायला लागल्या. शेजारणीचं पातेलं आणलं तर घासूनपुसून द्यायचं, पोचा आला असेल तर ठोकून द्यायचा, आणि रिकामं म्हणून कधी द्यायचं नाही. ठोकळ्याच्या पोटात काही भरता येत नाही, म्हणून शेजारी नव्या तांदळाची पिशवी ठेवली होती. "वर्साचं पीक ऱ्हायलं तुज्या ठोकळ्यांनी," त्या म्हणाल्या, "मंग तसेच पडके-झडके देऊ व्हय?"

"मला पडकेच हवे होते!" मी किंचाळले. "खराब किती होतात तेच बघायचं होतं! खराब व्हायलाच ठेवले होते!"

मग मावशी म्हणाल्या, "खराब व्हायला ठेवले व्हते?"

"हो!"

"जल्लं मेलं लक्षन! मंग आदी सांगायचं नाय? आमच्याकडं कायपन ठेव, आपोआप खराब व्हतं! आमी उगाच राबलो ना इतके!"

मी एकेक ठोकळा उलटा-सुलटा करून बघायला लागले. राखेचे होते, रंगाखाली का होईना, माझेच होते. पण 'सा'वाले सगळेच भलते हलके लागले. वास घेतला तर ताजं सिमेंट. तेलाचा चौकोनी डबा कापून त्यात ओतलेले, महिन्याभराचेसुद्धा नसतील. म्हणजे साधे जे होते ते इतके सडले होते, की दुरुस्त होईनात, म्हणून गावाने माझ्यासाठी नवे केले होते. अक्षरासकट!

"जुने कुठे आहेत?"

मावशी पदर तोंडाला लावून खांबाकडे बघायला लागल्या. पुढे माझ्या लक्षात आलं, की दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती असताना सडली याचीच त्यांना शरम वाटत होती. त्या क्षणी मात्र मला फक्त एवढंच दिसत होतं, की साधे ठोकळे नसतील तर राखेचे कशाशी ताडून बघायचे? अर्ध्या प्रबंधाला कुणी विचारणार नव्हतं. मी पाया पडायची बाकी राहिले. "फेकले गो," एवढंच मावशी म्हणाल्या. कुठे, ते सांगेनात.

या सगळ्यात सासूबाई पाय धुवायला म्हणून मागे गेल्या होत्या. त्यांना चिखल लागलेला खपत नाही. तिकडून त्यांची हाक आली. "अगो, हे बघ! हे तुझ्यातलेच का गो?"

मी धावले. मागच्या दारी कोंबड्यांचं खुराडं होतं आणि खुराड्याच्या चारी पायांखाली माझे ठोकळे. आणखी काही भांडी घासायच्या दगडाशेजारी, एक दावणीच्या खुंटाला टेकवलेला. कोपरे गेलेले, अंग भुसभुशीत, बोटाने खरवडलं की वाळू सुटत होती. इतकं सुंदर सडलेलं काँक्रीट मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी खुराडं उचललं. कोंबड्या माझ्या डोक्यावरून गेल्या. आणि मी तो घाणीने माखलेला ठोकळा पोटाशी धरला. मागून सगळा गाव बघत होता. सासूबाई मावशींना हळूच म्हणाल्या, "अभ्यास फार झाला की असं होतं."

उरलेला दिवस खरवडण्यात गेला. गावाने विळे, कोयते काढले आणि आपणच दिलेला रंग आपणच काढला. भरलेलं सिमेंट जपून उकललं तसं खालचं खरं अंग दिसायला लागलं. रंगारी बिचारा एका कोपऱ्यात बसला होता. मी त्याला म्हटलं, अक्षर फार सुरेख काढलंत हो. तो म्हणाला, "म्हंजे निदान तेवढं तरी ठेवा." एका ठोकळ्यावरचं ठेवलं. ठोकळे टेंपोत चढवले तेव्हा मावशींनी तांदळाची पिशवी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

डिसेंबरात मुंबईला सरांच्या मशीनखाली एकेक ठोकळा गेला. साधे कण्हत कण्हत गेले. राखेचे काही जाईनात. काटा सरकत राहायचा आणि सर चष्मा कपाळावर चढवून पुटपुटायचे, "अरे, फूट की लेका." शेवटचा राखेचा ठोकळा धाडकन फुटला तेव्हा त्यांनी माझा हात धरून जोरात हलवला. प्रबंधावर त्यांनी सही केली ती स्वतःच्या निरोपसमारंभात, गळ्यात झेंडूचा हार, एका हातात नारळ. पुढे तोंडी परीक्षा होऊन मी पास झाले तेव्हा उन्हाळा लागला होता. सासूबाईंनी अष्टमीपर्यंत पेढे वाटले. त्या वहिनींना दोन दिले.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन खाडीवर गेले. मावशींनी पेढा हातात घेतला, पुडा सगळ्यांत फिरवायला दिला आणि विचारलं, "ठोकळे कवा आनतेस?"

"कुठले?"

"आपले. तपासून झाले ना? पावसाच्या आदी बांध नीट करायचा. ती जागा नुसत्या मातीनं भरून ठेवली हाय, त्येंच्यासाटी."

काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं वाटलं, पण मला तसं जमत नाही. "मावशी, ते फोडले."

"कोनी?"

"मी. मशीनमध्ये घालून. तसंच तपासतात. फुटेपर्यंत दाबायचं आणि किती दाबावर फुटला ते लिहायचं."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी हातातला पेढा खाली ठेवला. "उधानानं फुटले नाय," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही, त्याचंच मला भय वाटलं. "खाडीनं फुटले नाय. आनि तू फोडलेस." इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. पदवी घेऊन मिरवायला आलेली मी, पायाकडे बघत उभी राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "भुगा तरी हाय का?"

भुगा होता. प्रयोगशाळेच्या मागे ढिगाने पडला होता. मी मुंबईला गेले तर सर तिथेच, निवृत्त होऊनही, बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसलेले. गोष्ट ऐकली आणि म्हणाले, गोणी कुठे मिळतात? मग आम्ही दोघांनी पोती भरली आणि हमाल करून एस.टी.पाशी नेली. कंडक्टर म्हणाला, "काय आहे यात?"

"प्रबंध," सर म्हणाले.

"वर टाका," कंडक्टर म्हणाला.

बांधाच्या कामाला घरटी एक माणूस उभं होतं. सर कुणाच्या घरचे, असा प्रश्न निघाला. मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिच्या." सरांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि रांगेत उभे राहिले. घमेली हातोहात पुढे जात होती. ते चिखलात घसरले, दोनदा बसले, आणि कुणावरही ओरडले नाहीत. फोडलेलं सगळं आम्ही परत त्या जागी घातलं आणि वरून माती थापली.

भाद्रपदाच्या उधाणाला मी खाडीवर गेले. न सांगता सरही आले होते, छत्री घेऊन. दुपारच्या भरतीला मावशी, सर आणि मी असे आम्ही तिघं बांधावर उभे राहिलो. तोंडी परीक्षेला मी घाबरले नव्हते. त्या दिवशी मात्र सरांच्या छत्रीचा दांडा घट्ट धरून उभी होते. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याशी आलं आणि तिथेच डुचमळत राहिलं. आमच्या पाठीमागे भात उभं होतं. सर घड्याळ बघत होते आणि चष्मा पुसत होते. मग कधीतरी बांधाच्या अंगावर पाण्याची ओली रेघ उघडी पडली आणि ती रुंद होत गेली. पाणी उतरत होतं.

मावशींनी वाकून, हाताने माती दाबून बघितली. मग कंबर सरळ केली.

"झालीस गो पास," त्या मला म्हणाल्या. सरांकडे बघून म्हणाल्या, "तुमी पन." आणि चहा टाकायला घरात गेल्या.